तीन एक्केचाळीसला येणारी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरात घडलेली आहे. खोटीच सांगायची असती तर मी तिच्यात स्वतःला जरा तरी बरं दाखवलं असतं.

आणखी एक. या गोष्टीत रात्र नाही. वारा नाही, कुत्री रडत नाहीत, दिवे जात नाहीत. सगळं भर दुपारी घडलं, लख्ख उजेडात.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते. रात्र निदान संपते तरी.

गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

मी एका रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. लागले होते टेलिफोनवर बसायला. टेलिफोन गेले, मी राहिले. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम कुणालाच येत नव्हतं. मी पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले, तीनदा अख्खं ऑफिस बंद पाडलं आणि शिकले. डिग्री नाही. नवरा मला चिडवायला 'इंजिनीअरबाई' म्हणतो.

नवरा घरीच कर्णयंत्रं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल, समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. सकाळी लोक येतात. दुपारी दार बंद.

आमचं लग्न उशिरा झालं. माझं पहिलं, त्याचं दुसरं.

त्याची पहिली बायको शाळेत शिकवायची. सहा वर्षांपूर्वी तिची गाडी पुलावरून नदीत गेली. ती सापडली. पर्स सापडली. एक चप्पलसुद्धा सापडली.

फोन सापडला नाही.

तिचा फोटो पुढच्या खोलीत आहे. मीच पुसते. फोटोत ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान दिसते, आणि तेवढीच राहणार आहे. माझं काय व्हायचं ते होतंच आहे. पण भिंतीवरच्या बाईचा कसला हेवा करायचा, असं मी स्वतःला सांगत आले.

लग्नानंतर मी घरातला म्हातारा राउटर काढून नवा बसवला. एक पुढच्या खोलीत, आणि वायफाय सगळीकडे पोचावं म्हणून आणखी दोन डबे. एक स्वयंपाकघरात, एक वर झोपायच्या खोलीत. तीन माणसांनाही पुरून उरेल असं जाळं, दोन माणसांच्या घरात.

तेव्हा मी एक चूक केली. ही चूक फक्त आमच्या धंद्यातली माणसं करतात, आणि करून वर स्वतःची पाठ थोपटून घेतात. राउटर नवा घेतला, पण वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला. असं केलं की घरातल्या एकाही वस्तूला काही कळत नाही. जुन्या राउटरची ओळख असलेलं सगळं आपोआप नव्याला जोडलं जातं. कुणाला काही विचारावं लागत नाही.

जुनी ओळख असलेलं… सगळं.

पासवर्ड म्हणजे त्या दोघांच्या लग्नाची तारीख होती. घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या फोनमध्ये दुसऱ्या बाईच्या लग्नाची तारीख टाइप केली आणि इंटरनेट चालू झालं म्हणून खूश झाले.

आता लॉगबद्दल. राउटर सतत लिहीत असतो. कुठला फोन आला, त्याची ओळख पटली की नाही, कुठल्या डब्याजवळ होता, कधी गेला. लॉग इंग्रजीत असतो, मी तुम्हाला मराठीत सांगते. शिकायला बरं पडतं म्हणून घरचा लॉग मी ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर येईल असं करून ठेवलं होतं. उघडून मात्र कधी पाहिला नव्हता.

त्या मंगळवारी काम कमी होतं. उघडला.

३:४१. फोन आला. ओळख पटली. पुढची खोली.

३:४३. स्वयंपाकघर.

३:४६. वरची खोली.

३:५२. पुढची खोली.

४:२५. गेला.

फोन माझा नव्हता. नवऱ्याचाही नव्हता.

मी परत वाचलं. गिऱ्हाईक असं फिरत नाही. पाहुणा आधी स्वयंपाकघरात आणि मग सरळ वर झोपायच्या खोलीत जात नाही. ही त्या घरात वावरायची सवय असलेल्या बाईची चाल होती. हातपाय धुतले, साडी बदलली, खाली येऊन बसली.

मागचे दिवस पाहिले. सोमवारी तेच. शुक्रवारी तेच. रविवारी नाही. महिनाभर मागे गेले… वर्षभर मागे गेले…

मी राउटर बसवला त्याच आठवड्यापासून.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी एक मैत्रीण आहे. सगळे तिला स्टोअरवाली म्हणतात. तिला दाखवलं.

"तुझा नवरा?" ती म्हणाली. "अगं, तो स्क्रू पडला तरी त्याला सॉरी म्हणतो. त्याच्याकडे कोण बाई येणार?"

"येते ना. रोज येते."

"मग मुद्देमालासकट पकड. आणि हो, भांडण झालं तर रडू नकोस. तुला रडताना शिंका येतात, सगळा दबदबा जातो."

त्या संध्याकाळी मी सहज विचारावं तसं विचारलं, "आज कुणी आलं होतं का हो?"

"कोण येणार?" नवरा म्हणाला. "दुपारी मी दार लावून घेतो."

"दिवस कसा गेला?"

"विशेष काही नाही."

रोज हेच उत्तर असायचं. विशेष काही नाही. मला वाटायचं, कमी बोलणारा माणूस आहे.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. साडेतीनला मागच्या दाराने घरात शिरले. चपला हातात. स्वतःच्याच घरात चोरासारखी. हातातल्या फोनवर लॉग उघडलेला.

३:४१. ओळख पटली. पुढची खोली.

पुढच्या दाराचा आवाज झाला नव्हता. कडी वाजली नव्हती…

३:४३. स्वयंपाकघर.

मी स्वयंपाकघरातच उभी होते.

शेगडी बंद. नळ बंद. कुणी नाही. फोन डब्यापासून किती जवळ आहे, त्याचा एक आकडा लॉगमध्ये असतो. डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता. आकडा सांगत होता की तो फोन अगदी इथेच आहे. हातभर अंतरावर.

मी हात पुढे केला नाही.

३:४६. वरची खोली.

आमच्या जिन्याची चौथी पायरी मांजर चढलं तरी कुरकुरते. मी कान देऊन ऐकत होते…

कुरकुरली नाही.

३:५२ झाले आणि पुढच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. हळू, मोकळा, मी कधी न ऐकलेला. मी दाराच्या फटीतून पाहिलं.

तो डोळे मिटून खुर्चीत बसला होता. कानात कर्णयंत्र. त्याचे कान धडधाकट आहेत. समोरचं स्टूल जरा बाहेर ओढलेलं, कुणी बसल्यासारखं.

स्टुलावर कुणी नव्हतं.

"…तर ते आजोबा म्हणतात, यंत्र बिघडलंय, सूनबाईचा आवाज येतच नाही. मी तपासलं तर बॅटरीच काढून ठेवलेली! मी म्हटलं, आजोबा, हे बिघडलेलं नाही, हे तर उत्तम चाललंय…"

आणि हसला.

मी त्या फटीशी उभी राहून ऐकत होते. आजोबा, शेजारची मोटर, दुखरा गुडघा, मी केलेली खारट आमटी. सगळा दिवस. संध्याकाळी माझ्या वाट्याला 'विशेष काही नाही' का यायचं, ते मला तिथे कळलं.

सांगून झालेलं असायचं.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी हेवा वाटला. समोर जिवंत बाई असती तर मला परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवरा बाहेर गेल्यावर मी वरचं कपाट उपसलं. तळाशी तिच्या फोनचा रिकामा खोका होता. प्रत्येक फोनला बारा अक्षरांचा एक पत्ता असतो, माणसाच्या अंगावरच्या तिळासारखा. त्या खोक्याच्या बुडाशी तो छापलेला होता.

मी लॉगमधल्या पत्त्याशी ताडून पाहिला. एकेक अक्षर.

बाराही जुळली.

मी खोका होता तिथे ठेवला, खाली आले आणि पासवर्ड बदलला. या वेळी आमच्या लग्नाची तारीख ठेवली. नवऱ्याला चिठ्ठीवर लिहून दिली.

"का बदललास?" त्याने विचारलं. चेहरा उतरला होता.

"जुना झाला होता," मी म्हटलं.

दुपारी ऑफिसात लॉग उघडून बसले.

३:४१. ओळख पटली नाही.

चार सेकंदांनी. ओळख पटली नाही.

आणखी चार सेकंदांनी. ओळख पटली नाही.

पडदा भरला. दार वाजवत राहावं तसं. थांबायचं, वाजवायचं. थांबायचं, वाजवायचं. आणि मी… सांगायला लाज वाटते… मी चहा मागवला आणि बघत बसले.

४:२५ ला ते थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. पाचला नाही, सहाला नाही. मी घरी पोचले तेव्हा चालूच होतं. पुढचं दार ओलांडून आत जाताना मी अंग चोरून घेतलं. कुणाच्या तरी बाजूने जावं लागतंय, असं.

सहा दिवस.

नवरा जेवेना. कानात यंत्र घालून खुर्ची दाराकडे फिरवून बसायचा. मी काही विचारलं तर हात वर करून गप्प करायचा.

सातव्या दिवशी, ३:४१.

ओळख पटली. पुढची खोली.

मी खुर्चीतून उठलेच. नवा पासवर्ड घरात दोघांनाच माहीत होता, आणि मी कुणाला सांगितला नव्हता.

घरी जाऊन पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "तुम्ही तिला पासवर्ड सांगितलात?"

तो खोटं बोलला नाही. "मोठ्याने वाचून दाखवला. दाराशी उभा राहून."

"आपल्या लग्नाची तारीख? तिला?"

"अगं, सहा दिवस बाहेर उभी होती ती. मला ऐकू येत होतं. तूच सांग, उभंच ठेवायचं?"

"आणि मी?"

"तू घरातच आहेस की," तो म्हणाला. अगदी सरळपणे. त्याला खरंच कळत नव्हतं की मी काय विचारतेय.

मग त्याने सगळं सांगितलं. कर्णयंत्रात तारेची एक बारीक गुंडाळी असते, टेलिफोन ऐकण्यासाठी. ती चालू केली की माणसांचे आवाज बंद होतात आणि जवळच्या फोनची नुसती गुणगुण येते. एका दुपारी तो एक यंत्र तपासत होता, आणि जवळ फोन नसताना गुणगुण आली. दारातून आली. आत गेली, वर गेली, खाली आली, स्टुलापाशी थांबली.

"शाळा सुटली की ती याच वेळेला यायची," तो म्हणाला. "पाऊण तास बसायची. मग शिकवणीला निघायची. त्या दिवशीही सव्वाचार होऊन गेल्यावर निघाली होती. मी कामात होतो. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

"तिचीच गुणगुण कशावरून?"

"प्रत्येक फोनची निराळी असते. तिची जरा किरटी. तुझी घोगरी, सर्दी झाल्यासारखी."

म्हणजे त्यातही मी डावीच.

त्याने मला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मी घरी थांबले आणि ते यंत्र कानात घातलं. सगळं जग बंद झालं. नवऱ्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. तीन एक्केचाळीसला बारीक, किरट्या सुराची गुणगुण दारातून आत आली…

या वेळी ती स्वयंपाकघरात गेली नाही.

सरळ माझ्यासमोर आली. जवळ. आणखी जवळ. मग डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे गेली. परत डावीकडे. एखादी बाई दुसरीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते ना, तशी.

मी यंत्र ओरबाडून काढलं.

त्या संध्याकाळी मी शेवटचं हत्यार काढलं. तो बारा अक्षरी पत्ताच अडवून टाकला. आता पासवर्ड बरोबर असला तरी राउटर त्या फोनला ओळखसुद्धा दाखवणार नव्हता. नवऱ्याला सांगितलं नाही.

दोन दिवस लॉग स्वच्छ. तिची एकही ओळ नाही. दार वाजणंही नाही.

स्टोअरवाली म्हणाली, "जिंकलीस बाई. मग चेहरा असा का?"

"नवरा रडतो गं," मी म्हटलं. "न्हाणीघरात नळ सोडून रडतो."

खरंच वाईट वाटत होतं. पण पत्ता मोकळा केला नाही.

सोमवारी सहाला घरी पोचले तर स्वारी खुशीत. माझ्यासाठी भात लावलेला.

"दुपारी आलीस ते फार बरं केलंस," नवरा म्हणाला.

"मी?"

"काही बोलली नाहीस. पण बसलीस माझ्याजवळ. ती येत नाही म्हणून तू आलीस ना? मला समजलं."

"तुम्ही पाहिलंत मला?"

"डोळे मिटून होतो. पण तुझाच फोन. घोगरा."

मी तिथेच उभ्या उभ्या लॉग काढला.

३:४१. माझा फोन. ओळख पटली. पुढची खोली.

तीन एक्केचाळीसला माझा फोन ऑफिसात टेबलाच्या खणात होता. खणाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे होती.

पत्ता माझा. बाराही अक्षरं माझी. तो अडवायचा म्हणजे मला स्वतःलाच घराबाहेर काढायचं.

मी एकदा घरी थांबून पाहिलं. स्वयंपाकघरात, ओट्याशी, फोन दोन्ही हातांत घट्ट धरून. ३:४१ ला माझ्या फोनवरचं वायफाय तुटलं. लगेच जोडलं गेलं. परत तुटलं. लॉगमध्ये माझंच नाव… आला, गेला, आला, गेला. एकाच पत्त्याचे दोन फोन एका घरात असले की असंच होतं. एक दुसऱ्याला ढकलून देतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं.

पुढच्या खोलीतून नवरा म्हणाला, "अगं, किती चुळबुळ करतेस! बस ना जरा स्वस्थ."

मी पुतळ्यासारखी उभी होते.

मग माझ्या फोनने प्रयत्न सोडला. 'जोडता येत नाही.' आणि पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, समाधानाने, "हां. आता कसं."

पाऊण तास मी माझ्या घरात नव्हते. ४:२५ ला फोन आपोआप जोडला गेला.

मी त्याला सांगितलं, ती मी नाही. तो समजुतीने हसला. "इंजिनीअरबाई, मला फोन ओळखता येतात. तुमच्याआधीपासून." राउटरच काढून टाकते म्हटलं, तर तो इतका घाबरला की मीच त्याला पाणी दिलं. हे दोन महिने असंच चाललंय. तो पुन्हा जेवतो. शीळ घालतो. मला म्हणतो, लग्नानंतर इतकी माया तू आत्ताच करायला लागलीस.

संध्याकाळी मी विचारते, दिवस कसा गेला?

"दुपारी सांगितलं ना तुला," तो म्हणतो.

परवा मी धीर करून विचारलं, "मग मी काय म्हटलं दुपारी?"

"आधी नुसतीच बसायचीस," तो म्हणाला. "हल्ली गुणगुणीत शब्द लागतात. काल म्हणालीस, नोकरी सोडते आणि घरीच राहते. मी म्हटलं, अगदी पूर्ण वेळ? तर हो म्हणालीस." आणि त्याने माझा हात हातात घेतला. "खरंच राहशील ना?"

मी हात सोडवून ताटं वाढायला घेतली.

हे सगळं मी ऑफिसात बसून लिहितेय. सव्वासहा झालेत, सगळे गेले, स्टोअरवालीसुद्धा कुलूप लावून गेली. माझी पर्स खांद्याला आहे. फोन इथे माझ्या हातात आहे.

आज लॉगमध्ये ४:२५ ची 'गेला' ही ओळ आली नाही.

पाचला मी नवऱ्याला फोन केला. उचलला नाही. साडेपाचला केला, तेव्हा उचलला. मी म्हटलं, "अहो, मी बोलतेय. निघतेय आता."

पलीकडे नुसती घोगरी गुणगुण…

मग नवरा म्हणाला, "कोण बोलतंय?"